बटाट्याचे तणनाशक सोयाबीनच्या फवारणीतच ठरते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर रब्बी बटाट्याच्या लागवडीचा सल्ला दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास छापून येतो. बेणे कसे निवडावे, सरी किती अंतरावर पाडावी, खताचा पहिला हप्ता केव्हा द्यावा आणि तणांसाठी कोणते औषध किती फवारावे, हे सारे त्यात नीट दिलेले असते. तरीही मी हे पत्र ऑक्टोबरची वाट न पाहता जून महिन्यातच लिहीत आहे. ज्या रानात दिवाळीच्या आगेमागे बटाटा लावायचा आहे, त्या रानात आज सोयाबीनची पेरणी चालू आहे, आणि आणखी वीस-पंचवीस दिवसांनी त्या सोयाबीनवर जी तणनाशकाची फवारणी होईल तिच्यावर पुढच्या बटाट्याचे बरेचसे भवितव्य ठरणार आहे. ही गोष्ट मला दोन वर्षांपूर्वी नुकसान सोसून कळली. इतरांना ती वाचून कळावी, एवढ्यासाठी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जागा मागत आहे.

आमच्या खटाव तालुक्यात, विशेषतः पुसेगाव, बुध, डिस्कळ या येरळेच्या वरच्या अंगाच्या पट्ट्यात बटाटा खरिपातही होतो आणि पाणी असेल तिथे रब्बीतही होतो. पूर्वी या पिकाची भांगलण, म्हणजे खुरप्याने तण काढण्याचे काम, घरातल्या आणि पैऱ्याच्या, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबणाऱ्या, माणसांवर निघत असे. आता पैरा मोडला आहे, भांगलणीची बाई दिवसाला तीनशे रुपयांच्या पुढे गेली आहे, आणि तेवढे देऊनही सोयाबीन, भुईमूग, घेवडा यांच्या भांगलणी एकाच आठवड्यात आल्या की माणूस मिळत नाही. बटाट्याला तर उशीर अजिबात चालत नाही. लागवडीपासून साधारण तिसऱ्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत रान स्वच्छ राहिले पाहिजे. त्यानंतर पाल्याची सावली सरीवर पडली की बरेचसे तण आपोआप दबते. नेमक्या त्याच तीन-चार आठवड्यांत माणसे मिळत नाहीत. म्हणून शेतकरी तणनाशकाकडे वळला, आणि त्यात त्याला दोष देण्यासारखे काहीही नाही. मी स्वतः ते वापरतो आणि यापुढेही वापरणार आहे.

दोन वर्षांपूर्वी मी शेजारच्या बांधकऱ्याचे तीस गुंठे रान रब्बीपुरते खंडाने घेतले. त्यात खरिपाला सोयाबीन होते. माझ्या स्वतःच्या वीस गुंठ्यांत त्या वर्षी खरिपाची बाजरी होती. दोन्ही रानांत एकाच ट्रकमधून आलेले कुफरी पुखराज या वाणाचे बेणे एकाच दिवशी लावले, खतही सारखेच दिले आणि लावणीनंतर तिसऱ्या दिवशी, रानात ओल असताना, मेट्रिब्युझिन हे बटाट्यातले तणनाशक एकाच मापाने फवारले. माझ्या रानातले पीक उत्तम उगवले. खंडाच्या रानातले पीक उगवले खरे, परंतु पंचविसाव्या दिवशी त्याची वाढ थांबल्यासारखी दिसू लागली. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडली, ती आखडून लहान राहिली आणि कांड्यांतले अंतर कमी होऊन झाड खुजे बसले.

पहिल्यांदा वाटले की बेण्यातून विषाणूचा रोग आला असावा. पण मग तेच बेणे बांधाच्या अलीकडे निरोगी कसे राहिले, याचे उत्तर मिळेना. नंतर जस्त आणि लोह कमी पडले असेल असे सांगण्यात आले, म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या दोन फवारण्या केल्या आणि त्यांचा काहीही उपयोग झाला नाही. शेवटी मी मेट्रिब्युझिनवर संशय घेतला, आणि ते ज्या दुकानातून आणले त्या दुकानदाराशी दोन शब्द कडक बोलून आलो. त्याबद्दल मला आजही वाईट वाटते, कारण त्याने दिलेल्या औषधात काहीच खोट नव्हती.

पुढे एके सकाळी रानाच्या कडेने चालताना लक्षात आले की सर्वांत खराब झाडे रानभर विखुरलेली नव्हती. ती दोन्ही टोकांच्या धुऱ्यांजवळ होती, जिथे फवारणारा माणूस पंप घेऊन वळतो आणि जमिनीवर फवारा दुहेरी पडतो. मी मात्र मेट्रिब्युझिन आडव्या दिशेने फवारले होते. माझी वळणे त्या बाजूला नव्हती. शिवाय मेट्रिब्युझिनचा त्रास झाला तर तो आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसतो. ते औषध मुळांवाटे वर चढते आणि पानातली अन्न तयार करण्याची क्रिया अडवते, त्यामुळे पानांच्या शिरा पिवळ्या पडून कडा करपतात. इथे जुनी पाने हिरवी होती आणि शेंडा मार खात होता. मी बांधकऱ्याला विचारले. त्याने सोयाबीनवर काय मारले हे त्याला नावाने आठवत नव्हते. पण गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवलेली रिकामी बाटली त्याने काढून दिली आणि तिच्यावर बारीक अक्षरांत इमॅझेथापायर असे लिहिलेले सापडले.

हे तणनाशक सोयाबीन आणि भुईमूग यांसाठी शिफारस केलेले आहे, त्या पिकांत ते उत्तम काम करते, आणि बांधकऱ्याने ते योग्य वेळी योग्य पिकावरच मारले होते. त्याची अडचण अशी की ते काही काळ मातीत टिकते. वनस्पतीला वाढीसाठी लागणारी काही अमिनो आम्ले ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने तयार होतात, तोच विकर ते बंद पाडते, आणि म्हणून त्याचा परिणाम जिथे नवी वाढ चालू असते तिथे, म्हणजे शेंड्यावर आणि मुळांच्या टोकांवर, आधी दिसतो. सोयाबीन ते पचवू शकते. बटाटा मात्र त्याच्या अत्यल्प अंशालाही हळवा आहे. काढणीच्या वेळी माझ्या हाती उतारा निम्म्याच्या आसपास आला, आणि आलेल्या बटाट्यांतही अनेक तडकलेले, घड्या पडलेले, गाठी फुटलेले होते, जे आडतीवर कोणी उचलत नाही. बेण्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत.

अमेरिकेत याच रसायनाच्या बाटलीवर, फवारणीनंतर बटाटा लावण्याआधी २६ महिने जाऊ द्यावेत, अशी सूचना असते. तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावणे बरोबर होणार नाही. तिथली जमीन हिवाळ्यात गोठते. आपल्याकडे ऊब असते, आणि मातीतले सूक्ष्म जीव हे औषध अधिक वेगाने मोडतात. पण ते जीव काम करतात ते ओल असेल तरच. खटाव-माण हा पर्जन्यछायेतला मुलूख आहे. जुलैत फवारणी झाली आणि ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला तर ऑक्टोबरपर्यंत औषध पुरेसे मोडत नाही. त्याच औषधानंतर पाटणच्या बाजूला भरपूर पावसात काही झाले नाही, म्हणून आमच्या पूर्व भागातही होणार नाही, असे धरून चालता येत नाही. सोयाबीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्लोरिम्युरॉनबाबतही काळजी घ्यावी लागते, कारण त्या गटातील औषधे चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत हळू मोडतात, आणि तशा जमिनी आपल्या भागात पुष्कळ आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बटाट्यावरील तणनाशकांचा सल्ला देताना आपण फक्त बटाट्यापुरते बोलतो. शेतकरी मात्र एकाच रानात एकामागून एक पिके घेतो आणि जमीन ती सारी लक्षात ठेवते. सोयाबीनवर बटाटा, बटाट्यावर कांदा, अशी आमची साखळी आहे. तिचा दुसरा दुवाही पहिल्याइतकाच नाजूक आहे. खरीप बटाट्याला मेट्रिब्युझिन मारले आणि सप्टेंबरात बटाटा काढून लगेच त्याच वाफ्यांत कांद्याची रोपे लावली, तर कांदा त्या औषधाला अतिशय हळवा असल्याने रोप जीव धरत नाही. अशा वेळी आमच्याकडे ‘रोप लागले नाही’ म्हणतात, रोपवाटिकेला दोष देतात, आणि विषय तिथेच संपतो. किती वेळा तो दोष रोपवाटिकेचा नसून आधीच्या पिकातल्या फवाऱ्याचा असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मेट्रिब्युझिनविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण बटाट्यात सर्वाधिक तेच वापरले जाते आणि बहुतेक चुका त्याच्या मापात होतात. ७० टक्के भुकटीच्या स्वरूपात ते बटाट्यासाठी हेक्टरी ७५० ग्रॅम, म्हणजे एकरी ३०० ग्रॅम सांगितले आहे. एकराला २०० लिटर पाणी लागते असे धरले, तर गुंठ्याला ५ लिटर पाणी आणि साडेसात ग्रॅम औषध होते; १५ लिटरचा पंप तीन गुंठ्यांना पुरला पाहिजे आणि त्यात साडेबावीस ग्रॅम भुकटी पडली पाहिजे. प्रत्यक्षात ही भुकटी काडेपेटीने किंवा बाटलीच्या झाकणाने मोजली जाते, आणि पंप कधी दोन गुंठ्यांत संपतो तर कधी चार गुंठे चालतो. म्हणजे एकाच रानात कुठे दीडपट औषध पडते आणि कुठे पाऊणपट. यावर उपाय अगदी सोपा आहे. आदल्या दिवशी नुसते पाणी भरून तीन गुंठे मोजून फवारावेत, आपल्या चालीला आणि आपल्या नोझलला किती पाणी लागते ते पाहावे, आणि सोन्या-चांदीच्या वजनाचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, जो आता तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो घरात ठेवावा. तणनाशकासाठी पंप आणि चपटा फवारा देणारे नोझल वेगळेच असावे. कीटकनाशकाच्या गोल फवाऱ्याच्या नोझलने ते मारले की पट्टे पडतात.

हे औषध पाण्यात सहज विरघळते. त्यामुळे मुरमाड, हलक्या रानात, आणि खरिपात लावणीनंतर मोठा पाऊस झाला तर, ते खाली बेण्याजवळ उतरते आणि उगवणाऱ्या कोंबांना इजा करते. अशा रानात प्रमाण वाढवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. उगवणीनंतर फवारायचे झाल्यास झाडे साधारण वीतभराहून लहान असतानाच फवारावे, आणि त्याआधी तीन-चार दिवस आभाळ भरलेले असेल तर ऊन पडेपर्यंत थांबावे, कारण ढगाळ हवेत वाढलेले कोवळे पान औषध सोसू शकत नाही.

पॅराक्वॉट या तणनाशकाबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. बटाट्याचे शंभरात पाच-दहा कोंब वर दिसू लागताच, उगवलेले तण जाळण्यासाठी ते वापरण्याची शिफारस आहे, आणि काढणीआधी पाला वाळवण्यासाठीही आता ते मारले जाते. त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. ते पोटात गेले तर फुफ्फुसे हळूहळू निकामी होतात आणि अनेकदा डॉक्टरांच्या हाती काही उरत नाही. केरळने २०११ साली त्यावर बंदी घातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने जे मृत्यू झाले, त्यानंतर आपल्याकडे काही दिवस हातमोजे आणि मास्क यांची चर्चा झाली आणि मग ती थांबली. आजही माझ्या गावात तणनाशक अनवाणी पायांनी, अंगावर गळणाऱ्या पंपाने मारले जाते. काढणीआधी पाला वाळवायला औषधाची गरज नाही. दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडून पाला कोयत्याने कापला, तरी साल पक्की होते. त्या कामाला माणसे लागतात हे खरे, पण ते दिवस भांगलणीसारखे घाईचे नसतात.

लव्हाळ्याचा उल्लेख केल्याशिवाय बटाट्यातील तणांची गोष्ट पुरी होत नाही. घोळ, माठ, चाकवत, केना, चिमणचारा ही तणे लवकर उगवतात आणि वेळेवर औषध पडले तर आवरतात. लव्हाळ्याच्या गाठींना मेट्रिब्युझिन काही करीत नाही, पेंडीमिथॅलिन काही करीत नाही, आणि त्याची टोकदार मुळे थेट बटाट्यात घुसून भोक पाडतात. उसात आणि मक्यात लव्हाळ्यासाठी चालणारे हॅलोसल्फ्युरॉन बटाट्यासाठी नाही. ते ‘लव्हाळ्याचे औषध’ म्हणून कोणी बटाट्यात मारू नये. लव्हाळ्याचे रान असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी उन्हात वाळवणे, आणि लावणीपूर्वी रान ओलवून तण उगवू देऊन मग कुळवाची पाळी घालणे, हेच मार्ग उरतात. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी त्या रानात बटाटा लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तणनाशक मारलेले असो वा नसो, तिसाव्या दिवसाच्या सुमारास सरी फोडून मातीची भर द्यावीच लागते. त्या भरीने उरलेले तण गाडले जाते आणि बटाटा उघडा पडून हिरवा होत नाही. तणनाशक आले म्हणून भर सोडणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी नुकसान करून घेतले आहे.

ज्यांना येत्या रब्बीत सोयाबीनच्या रानात बटाटा लावायचा आहे त्यांना माझी विनंती आहे की ते रान आजच ठरवावे आणि तेवढ्या रानात इमॅझेथापायर किंवा क्लोरिम्युरॉन असलेले कोणतेही औषध मारू नये. पेरणीनंतर लगेच पेंडीमिथॅलिन, पुढे गवतवर्गीय तण आलेच तर क्विझालोफॉप, आणि रुंद पानांच्या तणांसाठी एक भांगलण, एवढ्यावर सोयाबीन निघते. खर्च थोडा वाढतो, पण बटाट्याच्या बेण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही. इथे एक अडचण आहे. दुकानात औषध मागितले जाते ते कंपनीच्या नावाने, आणि एकच रसायन अनेक नावांनी, शिवाय दोन रसायनांच्या जोड मिश्रणांतही विकले जाते. बाटलीवर मराठी मजकूर असतो, पण तो भिंगाशिवाय वाचता येत नाही. म्हणून दुकानदारांनी पक्क्या बिलावर रसायनाचे तांत्रिक नाव ठळक लिहून द्यावे आणि ‘यानंतर या रानात काय लावणार?’ हा एक प्रश्न विचारावा. खंडाने किंवा वाट्याने रान घेणाऱ्याने व्यवहार ठरवण्याआधी मूळ मालकाला मागील वर्षभरातील फवारण्या विचाराव्यात. तासगाव-पलूसकडे उसात मारलेले २,४-डी हे तणनाशक वाऱ्याने उडून शेजारची द्राक्षबाग आखडते, हे तिथल्या बागायतदारांना चांगले ठाऊक आहे, आणि तिथे बांधकरी फवारणीआधी एकमेकांना सांगतात. जमिनीतून येणारा त्रास दिसत नाही, म्हणून आपल्याकडे अजून कोणी सांगत नाही.

ज्यांचे औषध मारून झालेच आहे त्यांनी लावणीच्या महिनाभर आधी एक घरगुती चाचणी करावी. रानात आठ-दहा ठिकाणांहून, धुऱ्याजवळची जागा न टाळता, वीतभर खोलीपर्यंतची माती घेऊन दोन-तीन कुंड्यांत भरावी. जिथे कधी औषध पडलेले नाही अशा बांधावरची तशीच माती आणखी दोन-तीन कुंड्यांत भरावी. सर्व कुंड्यांत मोहरी किंवा काकडी पेरावी आणि तीन आठवडे सारखे पाणी द्यावे. रानातल्या मातीतली रोपे खुजी, पिवळ्या शेंड्याची निघाली तर त्या रानात यंदा बटाटा लावू नये. हरभरा लावावा, तो त्यामानाने सोसतो. मी ही चाचणी त्या नुकसानीनंतर उरलेल्या मातीवर केली, आणि खंडाच्या रानातली मोहरी दोन पानांवरच थांबली. ती चाचणी लावणीआधी केली असती तर माझे वर्ष वाचले असते.

बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र आणि तालुका कृषी कार्यालये यांनी आपल्या भागातील पिकांच्या साखळ्या धरून, कोणत्या तणनाशकानंतर कोणते पीक किती दिवसांनी चालेल, याचा एक तक्ता मराठीत करून प्रत्येक औषध दुकानाच्या दर्शनी भागात लावावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. त्यासाठी आमच्या पट्ट्यातल्या मातीवर, आमच्या पावसात चाचण्या घ्याव्या लागतील. परदेशी बाटल्यांवरचे आकडे उतरवून चालणार नाही. आपल्या दैनिकानेही बटाट्याचा सल्ला ऑक्टोबरइतकाच जूनमध्ये छापावा. सोयाबीनची फवारणी साधारण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. हे पत्र त्याआधी प्रसिद्ध झाले तर यंदाच्या काही रानांपुरता तरी त्याचा उपयोग होईल.

आपला,
एक बटाटा उत्पादक शेतकरी,
ता. खटाव, जि. सातारा